मुक्काम शिरखोल

अल अझीझिया, दोहा
२८ नोव्हेंबर २००१

अक्का,

मागचं पत्र परत आलं. पाकिटावर पोस्टमनने लाल पेनाने लिहिलंय, 'घेत नाहीत'. पत्ता मी नीट घातला होता. वसाहत, घर नंबर एक्केचाळीस. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. तू त्या घरात राहतेस, तिथे चूल पेटवतेस, पण तो नंबर तुझा नाही असं तुझं म्हणणं. घराच्या कागदावर अजून सही केली नाहीस. म्हणून या खेपेला वर 'मुक्काम शिरखोल' घातलंय. गाव उठवल्यापासून शिरखोलात तारेचं कुंपण आणि नौदलाचा पहारा आहे, पण पोस्टमन आपल्या गावचाच. कोणाच्या हातात द्यायचं ते त्याला कळेल.

फोनही केला होता. बूथवाला म्हणाला, "तुळसाकाकी घरी नाहीत." मागून तुझाच आवाज येत होता, सांग तिला मी मेले म्हणून. मेलेल्या माणसाचा एवढा खणखणीत आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

लांबड लावत नाही. मला एक कागद पाहिजे. तुझ्या रोहिदासचा शाळा सोडल्याचा दाखला, आपल्या मराठी शाळेचा, गोल शिक्क्याचा. तो तू पत्र्याच्या पेटीत दाजींच्या फोटोखाली ठेवायचीस. तसाच ठेवला असशील. त्याचं इथलं कार्ड नवं करायचं आहे, त्याला लागतो. बाकी काही नाही.

पोरगा बरा आहे. उत्तरेला अल रुवैस म्हणून बंदर आहे तिथे बर्फाच्या कारखान्यात आहे, तुला ठाऊकच आहे. गेल्या शुक्रवारी त्याचा फोन आला नसेल. या शुक्रवारीही येणार नाही. रमझान चालू आहे, इथे सगळं अर्धा दिवस बंद असतं, फोनचं कार्ड मिळत नाही. तू बूथवर जाऊन बसू नकोस.

दाखला रजिस्टरने पाठव. साध्या पोस्टाने नको. लवकर पाठव.

शेवंती

●

अल अझीझिया
९ डिसेंबर २००१

अक्का,

पत्र परत आलं नाही म्हणजे घेतलंस. पण उत्तर नाही. कागद पेटीतून काढायला किती दिवस लागतात?

दाखल्याबरोबर आणखी एक पाहिजे. एका कागदावर लिहून दे की रोहिदास माझा मुलगा, आणि खाली सही, आणि तुझा आत्ताचा पत्ता. आत्ताचा म्हणजे आत्ताचा. शिरखोल लिहू नकोस, चालणार नाही. का ते विचारू नकोस. सरकारी कामात का विचारायचं नसतं.

काल इथे गंमत झाली. मी ज्यांच्याकडे स्वयंपाकाला आहे त्या नाशिकच्या शैलजाबाईंची नुपूर आहे ना, आता दहा वर्षांची झाली. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्लिशात देते. तिच्या शाळेचं नकाशाचं पुस्तक उघडं होतं. मी म्हटलं, दाखव माझं गाव. ती म्हणाली, "मावशी, स्पेलिंग?" मला कुठलं स्पेलिंग. मी कारवार शोधायला लावलं, खाली अंकोला शोधायला लावलं, आणि दोघांच्या मधल्या काठावर बोट ठेवलं. म्हटलं, हे. ती म्हणाली, "बट देअर इज नथिंग." मी म्हटलं, असतं, पुस्तकात चूक आहे. नंतर भांडी घासताना वाटलं, पोरगी खरं तेच बोलली.

तुला ते पटत नाही, मला माहीत आहे. तुझा राग कशाचा आहे तेही माहीत आहे. आबांचं घर दोघींच्या नावावर. नौदलाच्या तळासाठी गाव उठवायचं ठरलं तेव्हा तू म्हणालीस, दोघींनी सही द्यायची नाही. कागद इथे आला, आणि मी शैलजाबाईंच्या ओट्यावर उभी राहून सही करून परत पाठवला. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस. अर्ध्या गावाने दिली होती. देवीला सुद्धा पालखीत घालून नव्या देवळात नेलं. मी एकटीने नाही म्हणून काय झालं असतं? पण ते राहू दे. तो हिशेब तुझ्या-माझ्यात. पोराच्या कागदात तो आणू नकोस.

बर्फाच्या कारखान्यातलं काम त्याने सोडलंय. सांगायचं राहिलं होतं. तिथला मुकादम वाईट होता. आता बंदरावरच आहे, जाळी बिळी विणतो. तिथे भटकळच्या उस्मानचं किराणा दुकान आहे, तो लक्ष ठेवतो. उस्मानची भाषा आणि आपली कोंकणी निम्मी एकच. त्याची बायको हजरा भटकळलाच असते. मागे तीच तुझ्याकडे येऊन गेली, रोहिदासने पाठवलेलं हिरवं लुगडं घेऊन. ती सांगत होती, वसाहतीत सगळी घरं एकसारखी, मधोमध पाण्याची टाकी, तिला तुझं दार सापडायला तास लागला. आणि तू लुगड्याची घडीही मोडली नाहीस, पेटीत टाकलंस म्हणे. पोराने त्याच्या पहिल्या कमाईतून घेतलं होतं. त्याच्यावर का राग?

दाखला आणि सही. दोन गोष्टी.

शेवंती

●

अल अझीझिया
३ जानेवारी २००२

अक्का,

तुझं कार्ड आलं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच ओळ. 'तो पाण्यावर जातो का.'

जातो.

आता मी खोटं बोलत नाही, तू वाचणं थांबवू नकोस.

बर्फाच्या कारखान्यात तो सहा महिने टिकला. मग मला म्हणाला, "मावशी, मी रोज मासा बघतो तो मेलेला. दुसऱ्यांनी धरलेला. माझे हात कुजतात." मी त्याला आठवण दिली. आपल्या देवीच्या पायरीवर हात ठेवून मी तुला शब्द दिला होता, दाजींना पाण्याने नेलं, ह्याला मी पाणी दाखवणार नाही. तो म्हणाला, "ती पायरी आता आहे कुठे?"  

लाँचवर लागून त्याला सव्वा वर्ष झालं. होन्नावरचा मजीद तांडेल आहे, लाँच तोच चालवतो, त्याच्या हाताखाली. तुला दर शुक्रवारी फोनवर बर्फ बर्फ सांगायचा ते मीच शिकवलं होतं. त्याला शिव्या देऊ नकोस, मला दे.

१७ नोव्हेंबरला लाँच गेली. चार माणसं. मजीद, रोहिदास, कुमठ्याचे दोघे भाऊ. पाच दिवसांनी यायची होती. आली नाही. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा अकरा दिवस झाले होते. मला वाटलं, आज येईल, उद्या येईल, उगाच तुला कशाला. दाखला मी कशासाठी मागितला? उस्मान म्हणाला होता, "शेवंतीबाई, काय झालं ते कळेल तेव्हा कळेल, पण कागद आधी जमवून ठेवा." त्याचं ते वाक्य ऐकून मी त्याच्या दुकानातच गोणीवर बसले.

आता ऐक. जिवंत आहे. ईदच्या नंतर कळलं. लाँच शेजारच्या मुलखाच्या पाण्यात गेली, तिथल्या गस्तीच्या बोटीने धरून नेली. चौघंही कोठडीत आहेत, पण अंगावर ओरखडा नाही. मी लिहिते ते खरं आहे, रोहिदासच्या गळ्याची शपथ. नको, शपथ नको. माझ्या शपथेला तुझ्याकडे किंमत नाही. खरं आहे एवढंच.

कागद पाठव.

शेवंती

●

अल अझीझिया
२१ जानेवारी २००२

अक्का,

मजीद सुटून आला. कुमठ्याचे दोघेही आले. रोहिदास नाही आला.

घाबरू नकोस, त्याला काही झालेलं नाही. कागदाचं झालंय. त्या तिघांचे पासपोर्ट इथे मालकाच्या कपाटात होते. मालकाने पाठवले, तिघे सुटले. रोहिदासचा पासपोर्ट त्याच्या पेटीत, लाँचवर. कारखाना सोडताना मीच त्याला बजावलं होतं, पासपोर्ट कोणाच्या हातात देऊ नकोस. लाँच ओढून नेताना पाणी भरलं आणि पेटी गेली. मी सांगितलेलं एक ऐकलं त्याने आणि तेच अंगाशी आलं.

मग आपल्या देशाच्या वकिलातीने कारवारला लिहिलं, असा असा माणूस, मुक्काम शिरखोल, चौकशी करून कळवा. कारवारचा पोलीस जीप घेऊन गेला. कुंपणापर्यंत. पहारेकऱ्याने सांगितलं, इथे कोणी राहत नाही. त्याने तसंच लिहून पाठवलं. 'सदर गाव अस्तित्वात नाही, सदर इसम आढळला नाही.' शैलजाबाईंनी मला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं मी. बाई म्हणाल्या, "अहो, वसाहतीत का नाही गेला तो?" गेला होता. वसाहतीच्या यादीत एक्केचाळीस नंबरपुढे नाव कोरं आहे. तू सही केली नाहीस ना. आपण दोघी बहिणी कशा आहोत बघ. मी नको तिथे सही केली, तू हवी तिथे केली नाहीस, आणि मधल्यामध्ये पोरगा कुठल्याच गावचा राहिला नाही.

मजीदचं होन्नावर जागेवर आहे. त्याला कोणी विचारलं नाही, तुझं गाव आहे का म्हणून.

परवा शुक्रवारी मी रुवैसला जाऊन आले. गुरुप्रसाद साहेबांनी गाडीने नेलं. हे साहेब म्हणजे शैलजाबाईंचे मिस्टर, गॅसच्या कारखान्यात इंजिनियर आहेत. वाटेत उम्म सलाल मोहम्मद गावाला पेट्रोलला थांबलो तेव्हा म्हणाले, "मावशी, काही खाल्लंय का सकाळपासून?" मी म्हटलं, गाडी चालवा. नंतर वाईट वाटलं.

मजीद उस्मानच्या दुकानामागे बसला होता. दाढी वाढलेली, मला बघून उठला नाही. मी म्हटलं, "तांडेल तू. मुलूख ओलांडलास ते कळलं कसं नाही?"

म्हणाला, "जागा दाखवणारं यंत्र बिघडलं होतं. मी दोन दिवस थांबणार होतो. तुमचा रोहिदास म्हणाला, कशाला थांबता, मी खूण धरतो."

"आणि तू ऐकलंस. त्याच्या दुप्पट वयाचा घोडा तू."

"तुम्हीच सांगितलं होतं, बाई. पहिल्या दिवशी. त्याला माझ्याकडे घेऊन आला होतात तेव्हा."

खरं आहे. ते तुला सांगितलं नव्हतं. मीच त्याला मजीदकडे घेऊन गेले. मजीद घ्यायला तयार नव्हता, म्हणाला, बर्फ फोडणारा मला काय कामाचा. मला राग आला. मी म्हटलं, ह्याचा आजा शिरखोलचा. चाळीस वर्षं नुसत्या खुणेवर जाळं टाकलं. ह्याला तुमचं यंत्रबिंत्र लागत नाही. असं तोंड वर करून सांगितलं.

आबांची खूण तुला आठवते ना. देवळाचा कळस पुढे आणि घाटावरचा तुटका डोंगर मागे. दोन्ही एका ओळीत आले की खाली खडप, जाळं फाटणार. कळस जरा उजवीकडे सरकला की बांगडा. आपण दोघी किनाऱ्यावर बसून पाठ म्हणायचो, आपल्याला कोणी होडीत घेणार नव्हतं तरी. रोहिदासला ते मीच शिकवलं, तू शिकवलं नसतंस.

इथे डोंगर नाही. जमीन ताटासारखी. मग त्याने आपली खूण बसवली. बंदराच्या मशिदीचा मिनार पुढे आणि त्याच्या मागे लांब गॅसच्या कारखान्याच्या चिमणीची ज्वाळा. ती दिवसाही दिसते, धुळीतही तांबडी दिसते. मिनार ज्वाळेवर ठेवला की आपण आपल्या पाण्यात. सव्वा वर्ष ती खूण चुकली नाही. मजीद म्हणाला, शेवटी शेवटी मीही यंत्राकडे बघत नव्हतो, पोराकडे बघायचो.

त्या खेपेला ते बाहेर गेले, दोन दिवस हवा धुळीची, आणि मग ज्वाळा दिसली. त्याने मिनार तिच्यावर ठेवला आणि जाळं टाकलं. पण ती ज्वाळा ती नव्हती. जुनी चिमणी विझवली होती आणि दुसरी, बरीच बाजूला, पेटवली होती. आबांचा डोंगर कधी जागचा हलला नाही, अक्का. ज्वाळा हलते हे त्याला कोण सांगणार?

सांगणारं माणूस होतं. येताना गाडीत मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "हो, नोव्हेंबरात बदलली. कामाचा भागच असतो तो. मी घरी बोललो होतो की, नवीन सुरू झाली म्हणून." बोलले होते. जेवताना. मी पोळ्या वाढत होते. मी ऐकलं, आणि म्हटलं, आणखी एक घ्या.

तेव्हापासून पोळी लाटायला घेतली की हात थांबतो.

आता तुला सगळं कळलं. आता तरी कारवारच्या ठाण्यावर जा. दाखला घेऊन जा, आणि सांग, हा माझा मुलगा, मी अमुक ठिकाणी राहते. नंबर सांग. वसाहतीच्या कागदावर सही कर. त्याशिवाय ते लिहून देणार नाहीत.

शेवंती

●

अल अझीझिया
१२ फेब्रुवारी २००२

अक्का,

तीन आठवडे झाले.

उस्मानने हजराला भटकळहून तुझ्याकडे धाडलं. ती म्हणते, तू चहा दिलास, आल्याचा, आणि माझं नाव काढल्यावर कप उचलून आत नेलास. अर्धा पिऊन झाला होता तिचा.

रोहिदासचा फोन आला होता. दोन मिनिटं देतात. त्याने पहिलं तुझं विचारलं. "आवयला सांगितलंस?" म्हटलं, सांगितलं. "सगळं?" म्हटलं, सगळं.  मग म्हणाला, "मग ती जाणार नाही."

मी म्हटलं, जाईल. म्हणाला, "मावशी, हे मला रोज घर विचारतात. मी शिरखोल सांगतो. हे नकाशा काढतात, बघतात आणि एकमेकांकडे बघून हसतात. मला वाटतं, मीच खोटं बोलतोय की काय." मग फोन तुटला.

महिनाअखेरपर्यंत कागद आला नाही तर त्याला आत कुठेतरी मोठ्या तुरुंगात हलवणार. ज्यांचा देश ठरत नाही अशा लोकांत ठेवतात. गुरुप्रसाद साहेबांनी चौकशी केली, तेच म्हणाले. तिथून माणूस काढायला वर्षं लागतात म्हणे. आकडा विचारला तर ते चष्मा पुसायला लागले.

मला माहीत आहे तुला काय वाटतं. एक्केचाळीसवर सही केली की शिरखोल गेलं. तू सही करत नाहीस तोवर ते कुंपणाच्या आत तसंच आहे, कळसासकट. अक्का, मला लिहायला जड जातं, पण तुला सांगायला दुसरं कोणी नाही. ते गेलं. आमच्या सह्यांच्या आधीच गेलं होतं.

आणि हेही लिहिते. मी सही केली तेव्हा घर पडणार ते मला कळत होतं. बघायला मात्र मी नव्हते. ते तू एकटीने बघितलंस. न्हाणीघराचा दगड उपटला तेव्हा तू तिथे उभी होतीस असं पोस्टमनच्या बायकोने हजराला सांगितलं. मी यायला पाहिजे होतं. रजा मागितलीच नाही मी. तुझ्या तोंडाकडे बघावं लागेल म्हणून.

एवढं कधी कोणाला लिहिलं नव्हतं. आता तू मला बहीण म्हणू नकोस, आयुष्यभर पत्र परत पाठव. मी मेले म्हणून सांग बूथवर. पण ठाण्यावर जा.

वीस तारखेच्या आत.

शेवंती

●

अल अझीझिया
९ मार्च २००२

अक्का,

काल दुपारी उस्मान आला, सहा महिन्यांत पहिल्यांदा एवढ्या लांब. दारात उभा राहून हातातला कागद हलवत होता. मला वाटलं वाईट आहे. मी दार उघडलंच नाही आधी, जाळीतून विचारलं, "आहे ना?" तो म्हणाला, "अहो उघडा तरी, खलास झालं सगळं." आता खलास म्हणजे इथे काम झालं असंही म्हणतात. पण त्या वेळी हा शब्द वापरावा का माणसाने? मी त्याला सणसणीत बोलले. मग चहा दिला.

फॅक्स होता. कारवार ठाण्याचा. मालकाच्या ऑफिसात आला होता. वर कानडीत बरंच काही, ते मला येत नाही. खाली तुझा जबाब, मराठीत, तुझ्याच हाताचा. किती मोठी अक्षरं काढतेस अजून. 'रोहिदास माझा मुलगा. त्याचा बाप समुद्रात गेला. मुलगा पण समुद्रात जातो हे मला माहीत आहे.' हे शेवटचं वाक्य तुला कोणी विचारलं होतं? पोलिसांना त्याचं काय. पण तू लिहिलंस.

आणि त्याच्या खाली पत्ता. आधी मुक्काम शिरखोल लिहिलंय. मग त्यावर एक रेघ. रेघ सरळ आहे, गिरमिटली नाहीस. खाली घर नंबर एक्केचाळीस. मग सही.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण मी ती रेघ बघत बसले आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. डाळीचा लगदा झाला. शैलजाबाईंनी तसाच वाढला.

आता नीट वाच. त्याला इथे पाठवत नाहीत, तिथूनच परस्पर घरी पाठवतात. २४ मार्चला सकाळी गोव्याच्या विमानतळावर उतरेल. तिथून कारवारची बस, मग आपल्या बाजूची. दुपारी तीनच्या सुमाराला हमरस्त्यावर वसाहतीच्या फाट्याला उतरेल. तुला गोव्याला जायला नको, चुकामूक होईल.

पण एक आहे. तो गेला तेव्हा शिरखोल होतं. वसाहत त्याने पाहिलेली नाही. त्याचे पाय सवयीने पुढच्या वळणाला जातील, कुंपणाकडे. तिथे बंदुकवाला उभा असतो. आधीच एकदा नको त्या हद्दीत शिरून आलाय. मला रात्रंदिवस तेच डोळ्यांसमोर येतं. नंबर सांगून उपयोग नाही, घरांवरचे आकडे पुसले गेलेत असं हजरा म्हणते, आणि तो लाजरा, कोणाला विचारणार नाही.

म्हणून मी त्याला फोनवर खूण दिली आहे. फाट्यावर उतर आणि उभा राहा. पाण्याची टाकी शोध, ती मागची खूण. पुढची खूण तुझी आई लावेल. तू पाठवलेलं हिरवं लुगडं. दोन्ही एका ओळीत आली की सरळ चालत सुट, डावीउजवीकडे बघू नकोस. तो म्हणाला, "तिने ते ठेवलंय?" मी म्हटलं, ठेवलंय.

तर ते पेटीतून काढ. घडी मोड. दारासमोर उंच दोरी बांध आणि पूर्ण पसरून टाक, चिमटे लाव, वारा असतो. सकाळपासून टाक, बस लवकर आली तर. दाखला पेटीत परत ठेव, पुन्हा लागेल.

मी येऊ की नको ते मी विचारत नाही. साहेब मे महिन्यात रजा देतो म्हणालेत. मी फाट्यावर उतरेन तेव्हा बघेन, दोरीवर काही आहे का.

पाकिटावर काय घालू ते कळेना. एक्केचाळीस घातलं आणि तू परत पाठवलंस तर? शिरखोल घातलं आणि पोस्टमन बदलला असेल तर? दोन्ही घातलंय. हजराच्या हाती दुसरी प्रतही पाठवते.

आणि शेजारणींना आधीच सांगून ठेव. पुढल्या रांगेतल्या अठ्ठावीस, एकोणतीस, बाजूच्या चाळीस, बेचाळीस, सगळ्यांना. भांडलीस तरी चालेल. त्या दिवशी दुसऱ्या कोणी हिरवं वाळत घालायचं नाही.

शेवंती